आधी कट ऑफच्या ग्रुपमधून बाहेर पडा, रील्सचं नंतर बघू

पुण्यात एमपीएससीच्या तयारीला नवीन आलेल्या प्रत्येकाला कुणीतरी सांगतंच, इन्स्टा डिलीट कर. बरोबर आहे, करा. पण ते त्यातल्या त्यात सोपं आहे. रील्स बघताना आपण टाइमपास करतोय हे आपल्याला पक्कं माहीत असतं, थोड्या वेळाने मन खायला लागतं आणि माणूस फोन उलटा ठेवतो. मला बोलायचंय ते परीक्षेबद्दलच्या गप्पांवर. टेलिग्रामवर परीक्षा, चहाच्या टपरीवर परीक्षा, मेसच्या रांगेत परीक्षा, रूमवर लाईट बंद केल्यावर अंधारात परीक्षा. यात मन अजिबात खात नाही. उलट दिवसभर अभ्यासातच होतो असं वाटतं. पेठेतली माझी सुरुवातीची वर्षं यातच गेली आणि तेव्हा माझ्या फोनमध्ये इन्स्टा नव्हतंच.

मी लातूर जिल्ह्यातली. सध्या कर सहायक म्हणून नोकरी करते, राज्यसेवेचा अभ्यास सुरूच आहे. त्यामुळे ही यशोगाथा नाही. हार-तुरे घालून व्याख्यान द्यायला अजून कुणी बोलावलेलं नाही.

सगळ्यात मोठा खड्डा कट ऑफचा, म्हणजे मुख्य परीक्षेला जायला किती मार्क लागतील त्याचा. हा मी जरा सविस्तर सांगणार आहे. कंटाळा आला तरी वाचा.

पूर्व परीक्षा झाली की त्याच संध्याकाळी क्लासेसच्या उत्तरतालिका येतात. चार क्लासच्या चार तालिका, आणि अडचणीच्या प्रश्नांवर चौघांची चार मतं. मग आयोगाची पहिली 'की', म्हणजे उत्तरतालिका, येते, हरकती मागवतात, पुढे अंतिम की येते, तिच्यात काही प्रश्न रद्द झालेले असतात आणि काहींची उत्तरं बदललेली. या प्रत्येक टप्प्यावर ग्रुप नव्याने पेटतो. मग आपण मार्क मोजतो. पुन्हा मोजतो. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या मार्कांपैकी पाव हिस्सा वजा होत असल्यामुळे एक उत्तर इकडचं तिकडे झालं की बेरीज बदलते, आणि बेरीज बदलली की पुन्हा ग्रुपवर यायला निमित्त मिळतं.

ग्रुपवर काय चालतं? कुणी तरी लिहितं, '१०४ होतायत, ओपन फिमेल, सेफ आहे का?' खाली एक जण, 'सेफ'. दुसरा, 'बॉर्डरवर आहात ताई'. तिसरा, 'पेपर सोपा होता, ११० च्या खाली विसरा'. तिघांना त्या पेपरबद्दल जेवढं माहीत तेवढंच विचारणारीलाही माहीत. तरी ती रात्रभर तिसऱ्याचं वाक्य घेऊन कुशी बदलत राहते.

त्यात पोल असतात. 'तुम्हाला किती येतात?' मत कोण देतं याचा विचार करा. ज्याला बरे मार्क आहेत तो. ज्याचे कमी आले तो ग्रुप म्यूट करून गावची एसटी धरतो. त्यामुळे पोलमधला आकडा नेहमी खऱ्यापेक्षा वरच दिसतो, दर वर्षी दिसतो, आणि दर वर्षी लोक त्याला घाबरतात. शिवाय कट ऑफ एक नसतो. सर्वसाधारण, महिला, एससी, एसटी, ओबीसी, एनटीचे पोटप्रकार, ईडब्ल्यूएस, एसईबीसी, वर खेळाडू, दिव्यांग, अनाथ असं समांतर आरक्षण. प्रत्येकाची रेघ वेगळी. जाहिरातीनंतर विभागांची मागणीपत्रकं येऊन जागा वाढल्या तर ती रेघ पुन्हा हलते. तुमच्या प्रवर्गात नसलेल्या, तुमच्यासोबत पेपरला बसला होता की नाही हेही माहीत नसलेल्या माणसाचा अंदाज तुमच्या कामाचा कसा असेल?

बरं, समजा अंदाज अगदी बरोबर निघाला. उद्या सकाळी तुम्ही वेगळं काय करणार? रेघेच्या वर असाल तरी मुख्य वाचायची आहे, काठावर असाल तरी मुख्यच वाचायची आहे. अगदी खाली असाल तर ते तुम्हाला परीक्षा हॉलमधून बाहेर पडतानाच कळलेलं असतं, त्याला पोल लागत नाही. म्हणजे या चर्चेतून निघणारी कुठलीही माहिती तुमचा दुसरा दिवस बदलत नाही, ती फक्त तो खाऊन टाकते. आणि पूर्व ते मुख्य हा काळ आधीच तुटपुंजा असतो.

आता तर हे आणखी महाग पडतं. मुख्य पूर्वी वस्तुनिष्ठ होती, तेव्हा तुकड्यातुकड्यांत वाचून, गोळे रंगवून काही लोक निभावून न्यायचे. २०२५ च्या परीक्षेपासून वर्णनात्मक पद्धत आली. नऊ पेपर, त्यातले मराठी आणि इंग्रजीचे फक्त पात्रतेचे. उरलेले सात, प्रत्येकी २५० मार्क, म्हणजे १७५०, आणि वर मुलाखतीचे २७५. तीन तास मान वर न करता लिहायचंय. दर दहा मिनिटांनी फोनकडे जाणारा हात तिसऱ्या तासाला पेन नीट धरत नाही, हे मी स्वतःच्या सराव पेपरच्या वहीत बघितलंय. पहिली चार उत्तरं मोत्यासारखी आणि शेवटची डॉक्टरच्या चिठ्ठीसारखी.

कट ऑफइतकीच दुसरी चर्चा तारखेची. २०२४ ची राज्यसेवा पूर्व आठवा. मूळ तारीख २८ एप्रिल. पुढे जात जात ती २५ ऑगस्टवर आली, त्याच दिवशी बँक भरतीची आयबीपीएसची परीक्षा आली, तारीख बदला म्हणून शास्त्री रोडवर मुलं रात्रभर बसली आणि शेवटी पेपर १ डिसेंबरला झाला. मागणी चुकीची होती असं मी म्हणत नाही. ज्यांचे दोन्ही फॉर्म होते त्यांनी काय करायचं होतं? पण 'पुढे जाणार की नाही' याच्या मागे रूमवर बसून जी मुलं दर पाच मिनिटांनी ग्रुप रिफ्रेश करत होती, ती काही आंदोलनात नव्हती. ती फक्त वाचत नव्हती. परीक्षा पुढे गेली तेव्हा तीन महिन्यांहून जास्त वेळ हातात आला आणि त्यातले पहिले काही आठवडे 'आता पुन्हा पुढे जाणार का' यात गेले. मी नावानिशी सांगू शकते, पण सांगत नाही, आजही ओळख आहे.

'ग्रुप सोडला आणि एखादी अपडेट चुकली तर?' ही भीती खोटी आहे. जाहिरात, वेळापत्रक, हॉल तिकीट, की, निकाल, सगळं आयोगाच्या संकेतस्थळावर येतं. अर्ज भरायला मुदत असते, एका रात्रीत खिडकी बंद होत नाही. दिवसातून एकदा, जेवणानंतर, संकेतस्थळ उघडा, बघा, बंद करा. ग्रुपवर येणारी बातमी तिथूनच उचललेली असते, वर फक्त लाल अक्षरात 'ब्रेकिंग' चिकटवलेलं असतं.

फोनचं थोडक्यात सांगते, कारण यावर ढीगभर व्हिडिओ आहेत आणि ते बघण्यातच लोकांचे तास जातात. टेलिग्रामवर चॅनल नुसतं अर्काइव्ह करू नका, म्यूट केलेलं नसेल तर नवीन पोस्ट आली की ते पुन्हा वर येऊन बसतं. सरळ सोडा. व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप सोडल्यावर आता सगळ्यांना कळत नाही, फक्त अ‍ॅडमिनला कळतं, त्यामुळे 'लोक काय म्हणतील' हेही कारण उरलं नाही. आपल्याला ग्रुपमध्ये कोण घेऊ शकतं याची सेटिंग आहे, ती बदला. यूट्यूबची वॉच हिस्टरी बंद करून पुसून टाका, होम पेज कोरं होतं. मग जे शोधाल तेवढंच दिसतं. स्क्रीन टाइमची मर्यादा लावण्यावर माझा विश्वास नाही. जी मर्यादा आपणच लावली ती आपणच दोन टॅपमध्ये काढतो.

आणि कृपा करून बटणांचा फोन घ्यायला धावू नका. दर वर्षी आमच्या अभ्यासिकेत एक तरी जण हे नाटक करायचा. मग मेसचे पैसे यूपीआयने द्यायचे म्हणून रूम पार्टनरचा फोन, ओटीपीसाठी कुणाचा तरी फोन, टेस्ट सिरीजसाठी पुन्हा स्वतःचा जुना फोन. महिनाभरात बटणवाला फोन अलार्मपुरता उरतो. त्यापेक्षा अभ्यासिकेत चार्जिंग पॉइंट नसलेली जागा मागा. सगळे पॉइंटजवळच्या जागेसाठी भांडतात, त्यामुळे ही लगेच मिळते. फोन बॅगेत, बॅग रॅकवर. मला सगळ्यात जास्त फायदा याच गोष्टीचा झाला आणि तिला एक रुपया लागला नाही.

आता माणसं. इथे मी जरा कडक बोलणार आहे.

कट्ट्यावर एक सिनियर असतो. दोन-तीन मुख्य दिलेला, सगळ्या सरांना ओळखणारा, कुठलं पुस्तक 'आउटडेटेड' झालं ते सांगणारा. चहाचे पैसे तुम्ही देता आणि सल्ला तो देतो. तुमचा इतिहास होत आला की म्हणणार, 'अगं ते नको, या वर्षी पॅटर्न बदललाय.' त्याच्याशी बोलून उठल्यावर तुमच्या हातात कामांची नवी यादी असते आणि पोटात गोळा. माणूस वाईट नसतो, बऱ्याचदा तोच बिचारा सगळ्यात जास्त थकलेला असतो. पण त्याचा थकवा तुम्ही कशाला घरी न्यायचा? भांडण करायची गरज नाही. चहाची वेळ बदला. तो पाचला येत असेल तर तुम्ही चारला जा.

मार्गदर्शक म्हणवणाऱ्यांबद्दल माझं ठाम मत आहे, पटलं नाही तर सोडून द्या. ज्या सरांच्या चॅनलवर दिवसभर पोस्ट पडत असतात, 'चौदा तास अभ्यास, नाहीतर घरी जा' छापाच्या, त्यांना तुमचं लक्ष हवं असतं, तुमची निवड होण्याशी त्यांना फार देणंघेणं नसतं. खरा मार्गदर्शक तोच, जो तुमचं लिहिलेलं उत्तर वाचून लाल पेनने खुणा करतो. असा एक मिळाला तरी नशीब समजा. बाकीच्यांना फॉलो करून काही मिळत नाही.

रूम पार्टनर मात्र सहज बदलता येत नाही, डिपॉझिट अडकलेलं असतं. 'सगळं सेटिंगवर चालतं' हे रोज रात्री ऐकवणारी एक माझ्या वाट्याला आली होती. तिला मी एवढंच म्हटलं, की साडेनऊनंतर परीक्षेचं काही बोलायचं नाही, बाकी काहीही बोलू. आठवडाभर आम्ही दोघी गप्पच होतो, कारण दुसरा विषयच नव्हता! मग हळूहळू गावाकडचं, स्वयंपाकाचं, भावंडांचं बोलणं सुरू झालं. आज ती माझी सगळ्यात जवळची मैत्रीण आहे. म्हणून सगळ्यांनाच तोडा असं मी म्हणत नाही. कधी कधी नुसता विषय तोडला तरी पुरतं. आणि एकही माणूस न ठेवता एकटं बसणं तर कुणालाच जमत नाही, तो प्रयोग करू नका, त्यातून मुलं आजारी पडलेली बघितलीत मी.

घरच्यांना कमी करता येत नाही आणि करूही नये. मामांचा फोन दर रविवारी यायचा, 'काय झालं गं निकालाचं?' मी चिडायचे आणि मग सोमवार त्या चिडचिडीत जायचा. आता रविवारी सकाळी मीच आधी फोन करते, पाऊस, सोयाबीन, आजीची तब्येत विचारते. निकालाचा प्रश्न तरीही येतोच, पण ठरलेल्या वेळी येतो.

येत्या पूर्वला एवढं करून बघा. पेपर झाल्यावर प्रश्नपत्रिका आणि उत्तरपत्रिकेची कार्बन कॉपी एका पाकिटात घालून बॅगेच्या तळाशी ठेवा. त्या संध्याकाळी कुठलीही क्लासची की उघडू नका. जेवा, झोपा, जमलं तर दोन दिवस गावी जाऊन या. आयोगाची पहिली की आली की एकदाच, एकट्याने बसून पेन्सिलने तपासा. कुठला प्रश्न रद्द होईल हे गृहीत धरून मार्क वाढवू नका. हरकत घ्यायची असेल तर पुरावा जोडून मुदतीत घ्या आणि विषय संपवा. आकडा कुणालाही सांगू नका, रूम पार्टनरलाही नाही. कुणी विचारलंच तर 'निबंध लिहितेय' म्हणा आणि खरंच लिहायला बसा.