एचडीआरची सुरुवात माजघरातून

गुहागरजवळच्या आमच्या जुन्या घरात माजघरातल्या खांबाला टेकून बसलं की समोर ओटी, पुढे पडवी आणि पडवीच्या चौकटीत अंगणातलं तुळशीवृंदावन. डोळ्यांना हे सगळं एकदम दिसतं. कॅमेऱ्याला नाही. अंगण नीट आलं तर माजघर डांबरासारखं काळं, माजघर उजळवलं तर अंगणाच्या जागी नुसता पांढरा पडदा.

एचडीआर (हाय डायनॅमिक रेंज), म्हणजे कमी-जास्त उजेडाचे अनेक फोटो जोडून काळोख आणि ऊन दोन्ही दाखवणारा एक फोटो करणं, मी या जागी शिकलो. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनाही मी हेच सांगतो, की सूर्यास्ताच्या मागे लागू नका, एखादी काळोखी खोली आणि तिचं उघडं दार शोधा. संध्याकाळी प्रकाश मिनिटागणिक उतरतो. सकाळी अकराचं ऊन तुमच्या चुका होईपर्यंत थांबतं, आणि चुका होतातच.

युक्ती तशी जुनीच. फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे १८५० च्या दशकात समुद्राची एक निगेटिव्ह आणि आभाळाची दुसरी जोडून एक चित्र छापायचा. आपण तेच करतो, फक्त निगेटिव्हच्या जागी ब्रॅकेटिंग, म्हणजे एकाच दृश्याच्या कमी-जास्त उजेडाच्या फ्रेम.

पण बटण दाबण्याआधी प्रकाश मोजा. हे मी पहिल्यांदा केलं नाही. नंतर कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर स्पॉटवर, म्हणजे एका छोट्या भागापुरता ठेवून, अ‍ॅपर्चर (भिंगाचं छिद्र) एफ/८ आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० वर, आधी उन्हातलं अंगण मोजलं. शटर उघडं ठेवायचा वेळ १/२५० सेकंद आला. मग मागचा कोनाडा मोजला, ४ सेकंद. स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश. १/२५० पासून दुप्पट करत ४ सेकंदांपर्यंत गेलात की दहा पायऱ्या होतात. हल्लीच्या सेन्सरच्या एका रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) फाइलमध्ये यातलं बरंचसं मावतं, पण अंधारातून उपसून काढलेला भाग दाणेदार येतो. म्हणून अनेक फ्रेम.

माझा कॅमेरा एका दमात तीनच फ्रेम घेतो, दोन-दोन स्टॉपच्या अंतराने. काही स्वस्त कॅमेऱ्यांत ऑटो ब्रॅकेटिंग नसतंच, तिथे मॅन्युअल मोडवर शटरचं चाक स्वतः फिरवायचं. काही बिघडत नाही, फक्त ट्रायपॉड हलू देऊ नका. बदलायचं ते फक्त शटर. अ‍ॅपर्चर बदललं तर फोकसची खोली बदलते आणि फ्रेम एकमेकींवर बसत नाहीत.

पहिल्या दिवशी माझा ऑटो आयएसओ चालू राहिला होता. वर ऑटोफोकसही. एका फ्रेममध्ये खांब स्पष्ट, दुसरीत तुळस. आता मी एकदा फोकस करून मॅन्युअलवर टाकतो, व्हाइट बॅलन्सही (रंगछटेची सेटिंग) ठरवून ठेवतो, ट्रायपॉडवर असताना स्टॅबिलायझर (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद करतो आणि दोन सेकंदांचा टायमर लावतो, म्हणजे बोटाचा धक्का लागत नाही. माडीवर कुणी चालत असेल तर मात्र टायमरही कामाचा नाही. जुन्या घरात वरच्या फळ्या हलल्या की खालची जमीनसुद्धा ऐकते.

त्याच दिवशी अंगणातून कोंबडी गेली. जोडलेल्या फोटोत तिला तीन डोकी आणि पारदर्शक शेपूट आली. याला घोस्टिंग म्हणतात. सॉफ्टवेअरमधलं डीघोस्ट हलत्या भागापुरती एकच फ्रेम वापरतं, त्यामुळे तो भाग इतरांपेक्षा दाणेदार दिसू शकतो. सोपा उपाय म्हणजे कोंबडी जाईपर्यंत थांबणं. वाऱ्यात हलणाऱ्या माडाच्या झावळ्यांना मात्र डीघोस्टशिवाय इलाज नाही.

जोडायला लाइटरूम हे सॉफ्टवेअर सोयीचं. एचडीआर मर्ज केलं की डीएनजी फाइल मिळते आणि पुढचं काम रॉसारखंच चालतं. पैसे घालायचे नसतील तर ल्युमिनन्स एचडीआर आणि एन्फ्यूज फुकट आहेत. एन्फ्यूज प्रत्येक फ्रेममधला नीट उजेडाचा भाग उचलून मिसळतं, त्यामुळे रंग फारसे भडकत नाहीत. मला तेच आवडतं.

भडकपणाचा धडा आत्याने दिला. माझा पहिला ‘जमलेला’ फोटो तिला मोठ्या कौतुकाने दाखवला. कोनाडा, कणग्या, आढ्याचे वासे, सगळं लखलखीत, आणि दाराच्या चौकटीभोवती पांढरी प्रभावळ. ती म्हणाली, “मेल्या, माजघरात ट्यूबलाइट कधी लावलीस?”

चूक सॉफ्टवेअरमधल्या उजेड वाढवणाऱ्या स्लायडरची होतीच, पण खरी चूक मोजणीतली होती. मीटर जे पाहतो ते मधल्या करड्या रंगाचं करून दाखवतो. काळोख्या कोनाड्याला त्याने ४ सेकंद सांगितले, कारण त्याला तो करडा हवा होता. मला तो काळोखाच हवा होता, फक्त आतली रॉकेलची चिमणी ओळखू यावी इतपत. त्याला १ सेकंद पुरतो. मग १/२५०, १/६०, १/१५, १/४ आणि १ सेकंद अशा पाच फ्रेम झाल्या. तीन-तीनच्या दोन फेऱ्या, पहिली १/६० मध्यभागी धरून, दुसरी १/४. १/१५ दोनदा येते, ती एकदाच घ्यायची. खात्रीसाठी हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) बघा, सगळ्यात काळ्या फ्रेममध्ये आलेख उजव्या कडेला आपटलेला नसावा.

हात बसला की कार्ल्याच्या चैत्यगृहात जा. आत काळोख आणि पश्चिमेच्या भल्यामोठ्या कमानीतून येणारा उजेड, हेच गणित दगडात. ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, ती आधी बघा. नाहीतर आयएसओ वाढवा, कोपर अंगाशी घट्ट धरून तीन फ्रेम झटपट घ्या. थोडंसं हललेलं सॉफ्टवेअर जुळवून घेतं.

दुसऱ्या खेपेचा फोटो छापून आत्याला दिला. तिने चष्मा लावून आधी कोनाडा शोधला आणि विचारलं, “चिमणीची काच फुटलीय, ती दिसतेय का रे यात?” दिसत होती.