केंद्रात न येणारी मुलं आधी शोधा

तीव्र स्वमग्नता (ऑटिझम) असलेल्या मुलांवर संशोधन करायचंय, कुटुंबं निवडायची आहेत? मग पहिलं हे ठरवा की तुमचा नमुना, म्हणजे ज्याचा अभ्यास करायचा तो, मूल आहे की त्याची आई. हसू नका. तीव्र स्वमग्न मुलांवर गुणात्मक (आकड्यांऐवजी मुलाखती-निरीक्षणांचा) अभ्यास म्हणायचं आणि बारा आयांच्या मुलाखती घेऊन यायचं, हे सर्रास चालतं. चालू द्या, पण मग शीर्षकातही आईच लिहा. मुलालाच पाहायचं असेल तर घरी बसून निरीक्षणाचे तास धरा.

मग 'तीव्र' म्हणजे काय, ते कागदावर. 'खूप आहे हो त्याला' हे कुणी तोंडी सांगितलेलं धरू नका. स्वमग्नता मोजायच्या आपल्याकडच्या इसा (ISAA) चाचणीत ४० बाबी असतात आणि गुण १५३ च्या वर गेले की तीव्र. अपंगत्वाच्या प्रमाणपत्राची तारीख बघा; चौथ्या वर्षी काढलेलं आणि मूल आता बाराचं, तर ते गुण शिळे. फिट्स आहेत, बौद्धिक अक्षमता आहे म्हणून मूल गाळू नका. नोंद ठेवा.

आता माझं. मी नाशिकच्या गंगापूर रोडकडच्या एकाच थेरपी केंद्रातून बारा कुटुंबं उचलली. ताई ओळखीच्या, यादी आयती. मार्गदर्शकांनी इसाचे गुण मागितले, तेव्हा बारातली तीनच मुलं तीव्र निघाली. सहा महिने पाण्यात. साधी गोष्ट होती: जे मूल रिक्षात बसत नाही, रस्त्यात आडवं पडतं, रात्रभर जागतं, त्याला घेऊन आई आठवड्यातून तीनदा येणार कशी? ती मुलं घरात असतात. सिडकोतल्या दोन खोल्यांत, दाराला आतून कडी लावून.

म्हणून घरातली मुलं आधी. केंद्रात विचारा, 'यायचं कोणी सोडलं?' त्यांचे नंबर मात्र मागू नका. केंद्रानेच फोन करून तुमचा नंबर द्यावा, पालकांना वाटलं तर ते बोलतील. आशाताई आणि अंगणवाडीताईंना गल्लीतलं प्रत्येक घर माहीत असतं. समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेचे विशेष शिक्षक घरी जाऊन शिकवतात, त्यांना भेटा. पेठ-सुरगाण्यात 'ऑटिझम' विचारलंत तर मान 'नाही' अशी हलेल; 'बोलत नाही, आपल्याच नादात असतं, असं लेकरू आहे का' विचारा. मालेगावात उर्दू बोलणारी कोणी सोबत हवी. अशा घरांत प्रमाणपत्र नसतंच बऱ्याचदा, तेव्हा घरी येऊन इसा करणारे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आधी गाठा. आयांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विसंबू नका, एक आई तिच्यासारख्याच दुसरीकडे पाठवते आणि तुम्ही फिरून गंगापूर रोडलाच. परत सांगते, घरातली मुलं. निम्मी तरी.

संख्येचं सूत्र शोधत बसू नका. नवं काही निघेनासं झालं की थांबा, पण दोन-तीन घरं जास्तीची धरा, कारण ऐनवेळी ताप येतो, फिट येते, आजी 'नको' म्हणते. निफाड-दिंडोरीत द्राक्षं तोडणीला आली की आई घरी भेटत नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या वडिलांची शिफ्ट विचारून घ्या.

संमती: पालकांची लेखी. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या सूचनांत ७ वर्षांपुढच्या मुलाचा होकारही धरलाय. बोलत नसलं तरी त्याचा नकार कसा दिसतो, कान झाकतं की हात ढकलतं, हे आईकडून आधी लिहून घ्या आणि तसं दिसलं की उठा. संशोधनाला मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीचं पत्र आधी, भेटी नंतर.

नाव बदलून भागत नाही. 'सिन्नरच्या रिक्षावाल्याचा न बोलणारा बारा वर्षांचा मुलगा' एवढ्यावर अख्खं गाव ओळखतं.

बाकी रेकॉर्डर, चार्जर, पाणी. खाऊ आईला विचारून. निघताना यादीत घरातली किती आहेत, मोजा.