पोटभाड्याने जागा घेताय? आधी मूळ करार मागा

जागा आवडली, देणारा ओळखीतला आहे, चावी उद्याच देतो म्हणतोय, आणि बोलता बोलता कळतं की हा मालक नाहीच, हाही भाडेकरूच आहे. आता यात लगेच घाबरण्यासारखं काही नाही, पोटभाडेकरू ठेवणं सर्रास चालतं, पण त्याला स्वतःला जेवढा हक्क आहे तेवढाच तो तुम्हाला देऊ शकतो, आणि तो किती आहे ते मालकाबरोबरच्या त्याच्या करारात असतं, त्याच्या बोलण्यात नाही.

म्हणून सरळ करार मागा. पहिल्या पानाचा फोटो नको, सगळी पानं, मागाहून पुरवणी जोडली असेल तर तीही. भाड्याचा आकडा झाकून दिला तरी चालेल, कलमं झाकलेली नकोत. आढेवेढे घ्यायला लागला तर टोकनसुद्धा देऊ नका.

पोटभाड्याचं कलम पटकन सापडत नाही हां, बऱ्याचदा ते हस्तांतरण किंवा भाडेकरूच्या जबाबदाऱ्या असल्या कंटाळवाण्या मथळ्याखाली दडलेलं असतं. 'सदर जागा किंवा तिचा कोणताही भाग इतर कोणासही वापरण्यास देऊ नये' असं वाक्य दिसलं की एक खोलीसुद्धा देता येत नाही, विषय संपला. 'मालकाच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय' असं असेल तर परवानगी आधी, पैसे नंतर. आणि करारात काहीच लिहिलेलं नसेल तर लोक खूश होतात, पण मग तिथला कायदा काय म्हणतो त्यावर सगळं जातं, त्यामुळे तेव्हाही परवानगी घेतलेली बरी. 'मालकांना माहितीये, ते काही बोलत नाहीत' ही परवानगी नव्हे. कागदावर तुमचं नाव, कुठली जागा, कधीपासून कधीपर्यंत आणि मालकाची सही, एवढं हवं.

मग मुदत बघा. मूळ कराराचे सहा महिने उरलेत आणि तुम्हाला वर्षभराचं सांगतोय, तर पुढचे सहा महिने म्हणजे नुसती आशा. वापराचं कलमही वाचा, फक्त राहण्यासाठी असलेल्या जागेत तुम्ही ऑफिस थाटलं तर तेवढ्यावरूनही करार मोडू शकतो.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते डिपॉझिटमध्ये. तुम्ही पैसे दिले भाडेकरूला, मालकाचा तुमच्याशी करारच नाही, मग तो ते कशाला परत करेल? भाड्याचंही तेच, तुम्ही दर महिन्याला वेळेवर देताय पण मधला माणूस पुढे भरतच नसेल तर थकबाकीची नोटीस त्याला येते आणि घर तुम्हाला सोडावं लागतं. त्याने मालकाला भरलेल्या मागच्या दोन-तीन महिन्यांच्या पावत्या बघायला मागा, यात लाजायचं काय?

जागा पोटभाड्याने देणारे तुम्हीच असाल तर अजून सांभाळून, कारण पोटभाडेकरूने भिंत फोडली, भाडं बुडवलं किंवा मुदत संपूनही हलला नाही तरी मालक तुमचीच मानगूट धरणार, आणि परवानगी न घेता दिली असेल तर तुमचाही मुक्काम हलू शकतो.

सगळं जमलं की दोघांमध्ये वेगळा करार करा, मूळ कराराची कॉपी त्याला जोडा, आणि मालकाकडून कुठलीही नोटीस आली तर दोन दिवसांत पोटभाडेकरूला तिची कॉपी द्यायची असं एक वाक्य त्यात टाकून घ्या.