आधी गोळी ठरवा, मग पावडर

शिकारीसाठी स्वतः काडतुसं भरायला लागलेला माणूस पहिल्याच दिवशी विचारतो, "पावडर (बारूद) किती ग्रेन टाकू?" (ग्रेन हे वजनाचं छोटं माप, गोळी आणि पावडर दोन्ही त्यातच मोजतात.) पावडरचा डबा अजून उघडूच नका. कोणतं जनावर, किती अंतरावरून, आणि तुमच्या बॅरलचा ट्विस्ट (गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचांचा पीळ) किती, हे आधी कागदावर लिहा.

माझी रायफल .३०-०६ या काडतुसाची. पहिल्या वर्षी मी १५० ग्रेनची पातळ जॅकेटची (शिशावरच्या धातूच्या आवरणाची) गोळी घेतली, कारण तिचा वेग सर्वांत जास्त होता. चाळीसेक पावलांवरून रानडुकराच्या खांद्यावर मारली. गोळी हाडावरच फुटली, खोल गेलीच नाही. अंधार पडेपर्यंत रक्ताचे थेंब बघत त्या जनावरामागे फिरलो, तेव्हा कुठे ते सापडलं. ती संध्याकाळ मी विसरलेलो नाही. जवळच्या अंतरावर वेग सर्वांत जास्त असतो आणि मऊ गोळीला तोच सोसत नाही.

तेव्हापासून जाड हाडाच्या जनावरासाठी मी १८० ग्रेनची गोळी वापरतो. एक तर शिसं जॅकेटला पक्कं जोडलेली बॉन्डेड, नाहीतर नोस्लर कंपनीची पार्टिशन. पार्टिशनच्या पोटात तांब्याच्या मिश्रधातूची आडवी भिंत असते. पुढचा भाग उमलला तरी मागचा शाबूत राहून आत जातो. हरणासाठी १५० ते १६५ ग्रेनची साधी सॉफ्ट पॉइंट (टोकाला शिसं उघडं असलेली) पुरते. टार्गेटच्या मॅच गोळ्या मात्र शिकारीला नकोत. त्यांच्या टोकाला भोक असतं ते बनवण्याच्या पद्धतीमुळे, उमलण्यासाठी नव्हे.

निव्वळ तांब्याची गोळी घेणार असाल तर एक लक्षात ठेवा. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते. ती केसमधली (काडतुसाच्या धातूच्या कवचातली) जास्त जागा खाते आणि स्थिर राहायला जास्त ट्विस्ट मागते. मी अशा वेळी वजनात एक पायरी खाली येतो. शिशाच्या गोळीचा लोड (पावडरचं ठरवलेलं माप) तिला कधीही लावत नाही.

गोळी नीट उमलायला किमान किती वेग लागतो, हे बनवणारे सांगतात. तुमच्या लोडचा वेग कितव्या यार्डाला त्याखाली जातो ते तक्त्यात बघा. त्यापुढे ट्रिगर ओढायचा नाही.

आता पावडर. काडतुसं भरण्याच्या छापील मॅन्युअलमध्ये नेमकी तीच गोळी आणि तीच पावडर शोधा, आणि सुरुवातीच्या लोडपासूनच चढा. फक्त कमाल आकडा दिला असेल तर १० टक्के कमी करून सुरू करा. मी अर्ध्या ग्रेनच्या पायऱ्यांनी जातो, प्रत्येक पायरीला तीन काडतुसं. टेबलावर एका वेळी पावडरचा एकच डबा. गोळी बसवण्याआधी ट्रेमधल्या सगळ्या केसमध्ये टॉर्च मारून पातळी बघतो. एखादीत पावडर इतरांपेक्षा थोडी जरी वर दिसली तरी ती ओतून पुन्हा तोलतो.

रेंजवर प्रत्येक रिकामी केस हातात घ्या. बोल्ट उचलायला जड गेला, केसच्या बुडावर इजेक्टरचा (केस बाहेर फेकणाऱ्या भागाचा) चकचकीत ठसा उमटला, प्राइमरच्या (बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीच्या) गोल कडा चेपून सपाट झाल्या, की तिथेच थांबा. उरलेली काडतुसं घरी नेऊन उघडा. खुणा दिसल्या नाहीत म्हणजे दाब मर्यादेत आहे असंही नाही, म्हणून मी क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) लावतो. मॅन्युअलच्या कमाल वेगापुढे गेलो, तर दाबही पुढे गेला असं धरूनच चालतो. थंडीत जुळवलेला लोड कडक उन्हात जास्त दाब देऊ शकतो, तेव्हा गरम दिवशी पुन्हा तपासा.

काडतुसाची एकूण लांबी मॅगझिनला आणि चेंबरला (बॅरलमधली काडतूस बसायची जागा), दोन्हींना बसली पाहिजे. .३०-०६ साठी कमाल ३.३४० इंच. काडतुसं एकामागे एक राहतात अशा नळीच्या मॅगझिनमध्ये टोकदार धातूच्या गोळ्या नकोत. तिथे मागच्या गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या प्राइमरवर टेकतं.

लोड ठरला की वीस काडतुसं भरा आणि डब्यावर गोळी, पावडर, वजन, तारीख लिहा. जंगलात जाण्याआधी ती सगळी रेंजवर, बॅरल मातीच्या बांधाकडे धरून, मॅगझिनमधून चेंबरमध्ये घालून काढा. एखादं अडलं तर ते बाजूला ठेवा.