‘सँक्शन’चं मराठी करताना या चुका टाळा

गृहकर्जाचं सँक्शन लेटर आलं की घरात पेढे येतात. वीजबिलावरचा सँक्शन्ड लोड म्हणजे मंजूर भार. त्यामुळे सँक्शन म्हणजे मंजुरी, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं.

माझ्याकडे तपासायला आलेल्या एका भाषांतरात वाक्य होतं, ‘अमेरिकेची रशियन बँकेला मंजुरी’. मूळ मथळा ‘यूएस सँक्शन्स रशियन बँक’. मराठी वाक्य शुद्ध, अर्थ मात्र बरोब्बर उलटा: अमेरिकेने त्या बँकेवर निर्बंध घातले होते.

हे दोन वेगळे शब्द आहेत असं समजू नका. मूळ एकच, लॅटिन ‘सॅन्कीरे’: पवित्र करणे, म्हणजेच कुणी मोडू नये असं ठरवून टाकणे. ‘सेंट’ म्हणजे संत, तोही याच घरातला. रोमन कायद्यात ‘सॅन्क्शिओ’ हे कायदा मोडल्यास होणारी शिक्षा सांगणारं कलम. कायद्याला मान्यता आणि कायदा मोडणाऱ्याला दंड, दोन्ही एकाच मुळातून फुटले. मला या शब्दाचं फार अप्रूप वाटतं ते यामुळेच. १७१३ सालची ‘प्रॅग्मॅटिक सँक्शन’ तर मंजुरीही नाही आणि निर्बंधही नाही. हॅब्सबर्ग घराण्याचं राज्य मुलीकडेही जाऊ शकेल, असं ठरवणारी सम्राट सहाव्या चार्ल्सची ती राजाज्ञा. पुढे १९३५ मध्ये इटलीने इथिओपियावर हल्ला केला, तेव्हा राष्ट्रसंघाने इटलीवर लादले ते आर्थिक निर्बंध, म्हणजे आज बातम्यांत दिसणारा अर्थ.

‘शेवटी स असेल तर निर्बंध’ हा नियमही पुरत नाही, कारण तो स क्रियापदाचाही असतो. त्यापेक्षा सँक्शन कशाला केलंय ते बघा. रक्कम, पद, नकाशा, योजना असेल तर मंजुरी. देश, कंपनी, जहाज, माणूस असेल तर निर्बंध. ‘यूएन-सँक्शन्ड मिशन’ ही राष्ट्रसंघाच्या जागी आलेल्या संयुक्त राष्ट्रांनी मान्यता दिलेली मोहीम. ‘यूएन-सँक्शन्ड इंडिव्हिज्युअल’ हा त्यांनीच निर्बंध घातलेला माणूस.

कोर्टाच्या बातमीत मात्र हाही ठोकताळा फसतो. ‘सँक्शन अगेन्स्ट द ऑफिसर ग्रँटेड’ वाचून अधिकाऱ्यावर निर्बंध आले असं लिहू नका. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा, १९८८ च्या कलम १९ प्रमाणे लोकसेवकावरच्या खटल्याला पूर्वमंजुरी लागते, ती इथे मिळाली आहे. शेजारचं क्रियापद बघा: मंजुरी ‘ग्रँट’ होते, निर्बंध ‘इम्पोज’ होतात आणि ‘लिफ्ट’ होतात.