सीमा, अनंतस्पर्शी रेषा आणि मॅक्सिमा : सुरुवात करणाऱ्यांसाठी काही अनुभव

लांजा, राजापूर, संगमेश्वर या भागांतून रत्नागिरीला विज्ञान शाखेच्या पहिल्या वर्षाला येणाऱ्या मुलांना सीमा हा विषय नवा नसतो. अकरावीच्या पुस्तकात तो झालेला असतो, अवयव पाडून शून्य भागिले शून्य कसे टाळायचे हे हाताला बसलेले असते आणि बहुतेकांचे उत्तरही बरोबर येते. मात्र त्या उत्तरावरून फलनाबद्दल नेमके काय कळले, हे फार थोड्यांना सांगता येते. क्ष अनंताकडे जाताना आलेख कोणत्या रेषेच्या (म्हणजे अनंतस्पर्शी रेषेच्या) जवळ जातो, दोन्ही टोकांना ती रेषा एकच असते का आणि आलेख तिला मध्येच ओलांडू शकतो का, असे विचारले की वर्ग गप्प होतो. संगणकीय बीजगणिताचे, म्हणजे आकड्यांऐवजी चिन्हांवर गणित करणारे, सॉफ्टवेअर नेमके येथे कामाला येते. ते कोणत्या क्रमाने आणि कोणत्या सावधगिरीने वापरावे, याबद्दल प्रात्यक्षिकाच्या तासांना मुलांशेजारी बसून जे लक्षात आले, ते येथे लिहीत आहे.

मी मॅक्सिमा हे असे सॉफ्टवेअर वापरतो, आणि त्याचे कारण अगदी व्यवहारी आहे. पावसाळ्यात आमच्याकडे इंटरनेटचा भरवसा धरता येत नाही, आणि मॅक्सिमा एकदा संगणकावर घेतले की त्याला जोडणी लागत नाही. ते विनामूल्य आहे, जुन्या संगणकावरही चालते आणि पेनड्राइव्हवरून एकाकडून दुसऱ्याकडे देता येते. अमेरिकेतील एमआयटीमध्ये १९६८ साली सुरू झालेल्या एका प्रणालीचा हा वंशज असून, विल्यम शेल्टर यांनी १९८२ पासून २००१ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत तो सांभाळला आणि १९९८ मध्ये तो खुल्या परवान्याखाली वाटण्याची परवानगीही मिळवली. ज्यांना पायथन ही संगणकभाषा येते त्यांनी तिच्यातले सिमपाय घ्यावे. ज्यांना आलेख बोटाने सरकवून पाहायचा आहे त्यांच्यासाठी जिओजेब्रा उत्तम. पुढे जे सांगणार आहे ते थोड्याफार फरकाने तिन्हींना लागू पडते.

आज्ञा लिहिण्याच्या बाबतीत नव्या माणसाला तीन गोष्टी सतावतात, त्या आधीच सांगून टाकतो. गुणाकाराची फुली गृहीत धरलेली चालत नाही, म्हणून दोन क्ष लिहिताना मध्ये तारांकित चिन्ह द्यावेच लागते. ई आणि पाय या स्थिरांकांपूर्वी टक्क्याचे चिन्ह लावले नाही, तर मॅक्सिमा त्यांना साधी अक्षरे समजते. आणि आज्ञेच्या शेवटी अर्धविराम हवा. बाकीचे सरावाने येते.

आता मुख्य मुद्दा. सीमा काढण्याची आज्ञा, म्हणजे ‘लिमिट’, सर्वांत शेवटी द्यावी असे माझे ठाम मत आहे. आधी वहीत अंदाज लिहावा, मग किमतींचा तक्ता करावा, मग आलेख काढावा आणि या तिन्हींनंतर ‘लिमिट’ला विचारावे. हे चारही जेथे जुळतात तेथे शिकण्यासारखे फारसे काही नसते, आणि जेथे जुळत नाहीत तेथे बसून राहावे.

उदाहरणार्थ (१ − कोसाइन क्ष) / क्ष² हे फलन घेऊ, आणि क्ष शून्याकडे जाऊ देऊ. तक्त्यात क्ष = ०.१ ठेवले तर सुमारे ०.४९९५८ मिळते, ०.०१ ठेवले तर ०.४९९९९६. सगळे अर्ध्याकडे चालले आहे असे वाटते आणि मुले उत्साहाने आणखी लहान किमती घालू लागतात. क्ष = ०.००००००१ (म्हणजे १०⁻⁷) ला मात्र ०.४९९६ दिसते, म्हणजे उत्तर जवळ यायच्या ऐवजी थोडे मागे सरकले; आणि आणखी एक शून्य वाढवून क्ष = १०⁻⁸ केले की थेट शून्य येते. येथे वर्गात हमखास दोन तट पडतात. काहींच्या मते सीमा शून्य आहे, काहींच्या मते सॉफ्टवेअर बिघडले आहे.

प्रत्यक्षात यांपैकी काहीच झालेले नसते. संगणक दशांश संख्या सुमारे १६ अर्थपूर्ण अंकांपर्यंतच साठवतो. क्ष इतका लहान झाला की कोसाइनची किंमत १ पेक्षा फक्त ५ × १०⁻¹⁷ च्या आसपास कमी असते, आणि एवढा फरक त्या साठवणीत मावत नाही. मग कोसाइन बरोबर १ धरला जातो, अंश शून्य होतो आणि छेद कितीही लहान असला तरी उत्तर शून्यच. ‘लिमिट’ ही आज्ञा दशांशात जातच नाही. ती चिन्हांवर काम करते आणि १/२ असे नेमके उत्तर देते. मधला मार्गही आहे: मॅक्सिमात ‘बिगफ्लोट’ प्रकारच्या संख्या घेऊन अचूकता ५० अंकांपर्यंत वाढवली की तोच तक्ता पुन्हा अर्ध्याकडे नीट सरकताना दिसतो. हे तीनही प्रकार एकाखाली एक करून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. ज्यांना आणखी एक नमुना हवा त्यांनी (१ + १/क्ष) चा क्ष वा घात घ्यावा. क्ष = दहा लाख असताना २.७१८२८ पर्यंत सुरेख येते, १०¹⁵ ला ३.०३५ होते आणि १०¹⁶ ला १.

तक्ता लहान संख्यांशी फसवतो, तर आलेख मोठ्या संख्यांशी. क्षचा लॉग (ई या पायाचा) घेऊन त्याचा पुन्हा लॉग घेतला तर तो आलेख पडद्यावर इतका आडवा दिसतो की क्षितिजसमांतर अनंतस्पर्शी रेषा आहे अशी कोणीही पैज लावील. क्ष = १०¹⁰ ला त्याची किंमत सुमारे ३.१४ आहे आणि १०¹⁰⁰ ला, म्हणजे एकावर शंभर शून्ये दिल्यावरही, सुमारे ५.४४. तरीही ‘लिमिट’ अनंत असेच उत्तर देते आणि तेच खरे आहे, कारण कोणतीही मर्यादा ठरवली तरी हे फलन कधी ना कधी ती ओलांडतेच. याच्या उलट क्षचा शंभरावा घात भागिले ई चा क्ष वा घात हे फलन ० ते १०० पर्यंत काढले तर ते एकसारखे चढत असते आणि क्ष = १०० ला त्याची किंमत १०¹⁵⁶ च्याही पुढे जाते. उताराला ते त्यानंतर लागते आणि १ च्या खाली येण्यासाठी क्ष सुमारे ६४७ च्या पुढे जावा लागतो. सीमा शून्य. आलेखाची चौकट किती रुंद घेतली आहे हे न सांगता ‘आलेखावरून दिसते की’ असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याची वही मी परत देतो.

उभ्या अनंतस्पर्शी रेषांच्या बाबतीत घोटाळा वेगळा असतो. (क्ष² − ५क्ष + ६) / (क्ष² − ४) घ्या. छेद २ आणि −२ या दोन्ही ठिकाणी शून्य होतो, म्हणून दोन उभ्या रेषा, असे उत्तर नेहमी येते. मॅक्सिमाला अवयव पाडायला सांगितले की ते (क्ष − ३) / (क्ष + २) असे देते. म्हणजे (क्ष − २) हा सामाईक अवयव त्याने काही न बोलता छाटून टाकलेला असतो. त्यामुळे क्ष = −२ ही एकच उभी रेषा उरते हे लगेच दिसते. पण क्ष = २ ला मूळ फलनाला किंमतच नाही, तेथे आलेखात एक छिद्र आहे आणि तेथील सीमा −१/४ आहे, ही माहिती त्या सोप्या रूपातून नाहीशी होते. आलेखातही ते छिद्र दिसत नाही, कारण एक बिंदू वगळलेला डोळ्याला कळत नाही. म्हणून छेद शून्य कोठे होतो हे मूळ रूपावरूनच, अवयव पाडण्यापूर्वी, वेगळे सोडवून घ्यावे. आणि −२ पाशी पडद्यावर जी उभी रेघ उमटते ती पाहून हुरळून जाऊ नये. सॉफ्टवेअर डावीकडचा शेवटचा बिंदू उजवीकडच्या पहिल्या बिंदूला जोडते, त्यातून ती आलेली असते. ती फलनाचा भाग नव्हे.

क्ष = −२ या अनंतस्पर्शी रेषेच्या दोन्ही बाजूंना काय होते हे विचारताना बाजू सांगावी लागते. डावीकडून धन अनंत, उजवीकडून ऋण अनंत. मॅक्सिमात धन अनंताला ‘इन्फ’, ऋण अनंताला ‘मिनफ’ असे उत्तर येते; १/क्ष ची शून्यापाशी सीमा बाजू न सांगता विचारली तर ते ‘इन्फिनिटी’ असे तिसरेच काही सांगते, ज्याचा अर्थ परिमाण वाढत जाते, पण दिशा एक नाही. सिमपाय मात्र बाजू सांगितली नाही तर उजवी बाजू धरून चालते आणि १/क्ष ला सरळ धन अनंत असे उत्तर देते. दोन मित्रांनी दोन सॉफ्टवेअर वापरली आणि उत्तरे वेगळी आली, तर भांडण्यापूर्वी हे तपासावे. साइन (१/क्ष) ला मॅक्सिमा ‘इंड’ म्हणते: फलन मर्यादेत राहते, पण एका किमतीवर स्थिरावत नाही. आणि कधी कधी तुमचीच आज्ञा जशीच्या तशी परत येते. सीमा अस्तित्वात नाही असा त्याचा अर्थ नसून मॅक्सिमाला ती काढता आली नाही एवढाच आहे, आणि हा फरक परीक्षेत लिहिताना फार महत्त्वाचा ठरतो.

तिरप्या अनंतस्पर्शी रेषा हा मला स्वतःला सर्वांत आवडणारा भाग आहे. परिमेय फलन असेल तर ‘डिव्हाइड’ आज्ञा पुरते: (क्ष² + १) ला (क्ष − १) ने भागले की भागाकार क्ष + १ आणि बाकी २ मिळते, आणि य = क्ष + १ ही रेषा हातात येते. वर्गमूळ आले की भागाकार चालत नाही. √(क्ष² + क्ष) साठी आधी फलन भागिले क्ष याची सीमा काढावी, तो रेषेचा चढ. मग फलनातून चढ गुणिले क्ष वजा करून उरलेल्याची सीमा काढावी, तो स्थिरांक. धन टोकाला चढ १ आणि स्थिरांक १/२ येतो. ऋण टोकाला चढ −१ आणि स्थिरांक −१/२. म्हणजे एकाच फलनाला दोन वेगळ्या तिरप्या रेषा आहेत, आणि फक्त धन अनंताकडे पाहणाऱ्याला त्यांतील एकच सापडते. चढ मिळाला म्हणजे रेषा मिळाली असेही नाही. क्ष + लॉग क्ष या फलनाला चढ १ मिळतो, पण दुसरी पायरी अनंत देते. क्ष + साइन क्ष ला दुसऱ्या पायरीत ‘इंड’ येते. दोन्हींना अनंतस्पर्शी रेषा नाही.

रेषा ओलांडण्याबद्दलचा प्रश्न मी मत्स्यशास्त्राच्या आधारे घेतो, कारण शिरगावला मत्स्य महाविद्यालय असल्यामुळे आणि मिरकरवाडा बंदर जवळ असल्यामुळे तो मुलांच्या ओळखीचा असतो. माशाच्या वाढीसाठी लुडविग फॉन बर्टालन्फी यांचे सूत्र वापरतात: वयानुसार लांबी = कमाल लांबी × (१ − ई चा ऋण क गुणिले वय इतका घात), थोडे सोपे करून; यातील क हा वाढीचा वेग ठरवणारा स्थिरांक. मॅक्सिमाला याची अनंतापाशी सीमा विचारली की ते उत्तर देण्याऐवजी उलट प्रश्न करते: क धन आहे, ऋण आहे की शून्य? पुष्कळ मुले येथे गडबडून खिडकीच बंद करतात. खरे तर याच प्रश्नासाठी हे उदाहरण घ्यायचे. क धन असेल तर सीमा कमाल लांबीइतकी. शून्य असेल तर लांबी कायम शून्य. ऋण असेल तर मासा दरवर्षी उणे लांबीचा होत जाईल, आणि असा बांगडा अजून कोणाच्या जाळ्यात आलेला नाही. ‘अझ्यूम’ या आज्ञेने क धन असल्याचे आधीच सांगून ठेवले की प्रश्न येत नाही. क = १ धरले तर पहिल्या वर्षी कमाल लांबीच्या सुमारे ६३ टक्के, दुसऱ्या वर्षी ८६ आणि तिसऱ्या वर्षी ९५ टक्के लांबी होते. हा वक्र आपली रेषा कधीच ओलांडत नाही. प्रत्यक्ष बंदरावर मात्र त्या ‘कमाल’ लांबीहून मोठा मासा सापडू शकतो, कारण ती संख्या सरासरी वाढीची आहे, एकेका माशाची नाही. आणि साइन क्ष भागिले क्ष हे फलन तर क्ष-अक्षाला अनंत वेळा ओलांडत ओलांडतच त्याला जवळ करते. ‘अनंतस्पर्शी रेषेला आलेख कधी छेदत नाही’ हे घोकलेले वाक्य येथे सोडावे लागते.

परीक्षेच्या दृष्टीने एक अडचण उरते. मॅक्सिमा उत्तर देते, पायऱ्या देत नाही, आणि गुण पायऱ्यांना असतात. शिवाय त्याची आतली पद्धत आपल्यासारखी असेलच असे नाही. सिमपायमधील सीमा काढण्याची रीत डॉमिनिक ग्रुंट्झ यांच्या १९९६ च्या झुरिक येथील प्रबंधावर आधारलेली आहे आणि ती फलने किती वेगाने वाढतात यांची तुलना करून चालते. वहीत आपण लोपितालचा नियम (अंश आणि छेद यांचे वेगवेगळे विकलन करून मग सीमा काढणे) वापरतो, आणि ते काही वेळा फिरून त्याच जागी आणते: √(क्ष² + १) / क्ष ला ते लावले की अंश-छेद उलटे होतात, पुन्हा लावले की मूळ फलन परत. अशा वेळी मॅक्सिमाने दिलेले १ हे उत्तर समोर ठेवून वर्गमुळातून क्ष बाहेर काढण्याची युक्ती स्वतः शोधावी. ऋण टोकाला तीच युक्ती वापरताना चिन्ह का बदलते, तेही लिहावे.

सुरुवातीच्या सरावाला ई चा (१/क्ष) वा घात घ्यावा. शून्याच्या उजवीकडून तो अनंताला जातो, डावीकडून शून्याला, म्हणून उभी अनंतस्पर्शी रेषा एकाच बाजूने लागते; दोन्ही टोकांना य = १ ही आडवी रेषा आहे. धन टोकाला आलेख त्या रेषेच्या वर राहतो आणि ऋण टोकाला खाली. हे आधी कागदावर ठरवून मग −५ ते ५ या चौकटीत आलेख काढला, तर सॉफ्टवेअर काही किमती कापल्याचा इशारा देते. त्या किमती कोणत्या आणि का, याचे उत्तर आलेखाखाली लिहून वही आणावी.