जर्मनीला नोकरीसाठी यायचंय? मग आधी डिग्री तपासा

पहिली गोष्ट, जर्मनीत 'वर्क परमिट' नावाचा वेगळा कागद मिळतच नाही. गावाकडून फोन आला की सगळे हेच विचारतात, परमिट झालं का परमिट झालं का, आणि मी दर वेळी तेच सांगतो की इथे राहायचा परवाना आणि काम करायचा परवाना एकाच कार्डावर असतो. आधी पासपोर्टवर व्हिसाचं स्टिकर लागतं, त्याच्यावरच बारीक अक्षरात लिहिलेलं असतं कुठलं काम चालेल ते, आणि इकडे आल्यावर त्याचं कार्ड होतं. डिग्रीवाल्यांसाठी त्यातला सगळ्यात बरा प्रकार म्हणजे ब्लू कार्ड, म्हणून मुख्यतः त्याचंच सांगतो.

लोक काय करतात, आधी धडाधड शंभर कंपन्यांना सीव्ही पाठवतात आणि ऑफर आली की मग बघतात डिग्री चालते का. उलटं करा. आनाबिन नावाचा जर्मनीचा सरकारी डेटाबेस आहे, साइट जर्मनमध्येच आहे आणि दिसायलाही जुनाट, पण सगळं तिच्यावर अडतं. तिथे दोन गोष्टी शोधायच्या, एक तुमची युनिव्हर्सिटी, तिच्यापुढे 'एच प्लस' (म्हणजे मान्यताप्राप्त) असायला हवं, आणि दुसरी तुमची डिग्री, तिच्यापुढे 'एंटश्प्रिख्ट' किंवा 'ग्लाइखवेर्टिग' असं लिहिलेलं हवं, म्हणजे ती जर्मन डिग्रीच्या बरोबरीची धरली जाते. दोन्ही पानांचे प्रिंट काढून फाइलला लावायचे. आपल्याकडचे लोक इथे हमखास कॉलेजचं नाव टाकतात आणि सापडत नाही म्हणून घाबरतात, अरे सर्टिफिकेट ज्या युनिव्हर्सिटीने दिलंय तिचं नाव शोधा. त्यातही गंमत म्हणजे पुणे विद्यापीठ २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं, बॉम्बे युनिव्हर्सिटी १९९६ मध्ये मुंबई झाली, तर जुनं नवं दोन्ही नावांनी शोधून बघा आणि तुमच्या सर्टिफिकेटवर कुठलं छापलंय तेही बघा. नाहीच सापडलं किंवा 'एच प्लस मायनस' (म्हणजे मान्यता सरसकट नाही) आलं तर बॉनला झेडएबी नावाचं ऑफिस आहे, त्यांच्याकडून डिग्री तपासून घ्यायची, फी २०८ युरो, आणि त्याला ऑफर लेटर लागत नाही म्हणून हे काम आधीच उरकता येतं.

डिप्लोमावाल्यांनी मात्र ब्लू कार्डच्या मागे लागू नका, एमएसबीटीईचा डिप्लोमा डिग्रीत मोजत नाहीत. त्यांच्यासाठी अनुभवावरचा वेगळा व्हिसा आहे. आयटीत असाल तर डिग्री नसली तरी गेल्या ७ वर्षांत ३ वर्षांचा तगडा अनुभव दाखवून ब्लू कार्ड मिळू शकतं, हा नियम खूप जणांना माहीतच नसतो.

आता पगार. ब्लू कार्डला किमान पगाराची अट आहे आणि ती दर जानेवारीत बदलते. २०२५ ला वर्षाला ४८,३०० युरो होती, २०२६ ला ५०,७०० झाली. आयटी, इंजिनियरिंग, डॉक्टर अशा टंचाईच्या कामांना आणि डिग्री मिळून ३ वर्षांच्या आत असलेल्यांना कमी, २०२६ साठी ४५,९३४ युरो २० सेंट, हो सेंटसकट. डिसेंबरमध्ये काठावरच्या पगाराचं कॉन्ट्रॅक्ट सही करत असाल तर पुढच्या वर्षीचा आकडा बघूनच करा. आणि हा सगळा ग्रॉस बरं का, इनहँड नाही, एकट्या माणसाच्या हातात साधारण साठ-पासष्ट टक्के पडतात. परफॉर्मन्स बोनसच्या भरवशावर हा आकडा गाठायचा नाही, जे नक्की मिळणार असं कॉन्ट्रॅक्टमध्ये लिहिलंय तेच धरतात.

कंपनीकडून कॉन्ट्रॅक्ट सोडून अजून एक फॉर्म लागतो, एर्क्लेरुंग त्सुम बेशेफ्टिगुंग्सफेरहेल्टनिस, म्हणजे नोकरीचा तपशील कंपनीने भरून द्यायचा फॉर्म, नाव म्हणताना जीभ वळत नाही पण याच्यावाचून फाइल हलत नाही. मोठ्या कंपन्यांना माहीत असतो, छोट्या कंपनीच्या एचआरने कधी बाहेरचा माणूस घेतला नसेल तर तुम्हीच त्यांना फॉर्म पाठवा. कंपनीला घाई असेल तर तिने तिकडूनच फास्ट ट्रॅक लावायचा, सरकारी फी ४११ युरो.

नावांचा घोळ हा खास आपला मराठी लोकांचा प्रॉब्लेम आहे. मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडलांचं, कधी शेवटी आईचंही. पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये स्वतःचं आणि वडलांचं मिळून. कॉन्ट्रॅक्टवर एचआरने वडलांचं उडवलेलं. लग्न झालेल्या मुलींचं तर मधलं नाव पण बदलतं आणि आडनाव पण. एकच नियम पाळा, सगळे फॉर्म पासपोर्टप्रमाणे, आणि कॉन्ट्रॅक्टही तसंच करून मागा. डिग्री माहेरच्या नावावर असेल तर मॅरेज सर्टिफिकेट किंवा गॅझेट फाइलमध्ये ठेवाच. आणि एजंट म्हणाला की डिग्रीवर अपॉस्टिल (परदेशात कागद चालावा म्हणूनचा सरकारी शिक्का) मारावं लागेल, इतके हजार द्या, तर आधी कॉन्सुलेटची चेकलिस्ट उघडून त्याला दाखवायला सांगा कुठे लिहिलंय ते. भारताच्या अपॉस्टिलला जर्मनीनेच हरकत घेतलेली आहे. नोकरी लावून देतो म्हणून लाखात पैसे मागणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको.

व्हिसाचा अर्ज आता जर्मनीच्या कॉन्सुलर सर्व्हिसेस पोर्टलवर ऑनलाइन भरतात, १ जानेवारी २०२५ पासून सगळीकडे सुरू झालंय, कागद अपलोड करायचे, तपासून झाले की मग बोटांचे ठसे आणि ओरिजिनल कागद घेऊन जायचं. फी ७५ युरो, रुपयांत भरायची. महाराष्ट्र आणि गोवावाले मुंबई कॉन्सुलेटच्या हद्दीत येतात. कागद अर्धवट टाकून बघू पुढे असं करू नका, कारण पूर्वी नकार आला तर फुकटात फेरविचाराचा अर्ज करता यायचा, १ जुलै २०२५ पासून तो बंद झाला, आता नवीन अर्ज नाहीतर बर्लिनच्या कोर्टात केस. स्टिकर हातात आलं की तिथेच उभं राहून वाचा, नाव, तारखा, कंपनीचं नाव.

इन्शुरन्सची एक बारीक गोष्ट. इथला सरकारी हेल्थ इन्शुरन्स नोकरीच्या पहिल्या दिवसापासून लागतो, तुम्ही घर शोधायला पंधरा दिवस आधी उतरणार असाल तर त्या पंधरा दिवसांचा वेगळा काढावा लागतो.

उतरल्यावर घरात राहायला गेलात की दोन आठवड्यांत आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंद. त्याला घरमालकाच्या सहीचा कागद लागतो, भाडेकरार पुरत नाही, म्हणून रूम घेतानाच विचारा की हा कागद देणार का, बरेच जण नाही म्हणतात.

आणि पत्रपेटी! इथे बहुतेक बिल्डिंगमध्ये फ्लॅट नंबर नसतात, पोस्टमन फक्त पेटीवरचं आडनाव वाचतो. मी पहिल्या महिन्यात एका आजीबाईंच्या घरात खोली घेऊन होतो, पेटीवर त्यांचंच नाव, माझा टॅक्स नंबर पत्राने येणार होता तो आलाच नाही, आणि नंबर नाही म्हणून पहिला पगार सगळ्यात जास्त टॅक्स कापून आला. नंतर ते पैसे परत मिळाले, पण तो महिना मी मॅगीवर काढला. शेवटी वहीच्या कागदावर आडनाव लिहून सेलोटेपने चिकटवलं, तिसऱ्या दिवशी पत्र हजर.

यानंतर आउसलेंडरबेहोर्डे, म्हणजे परदेशी लोकांचं ऑफिस, तिथे कार्ड बनतं. अपॉइंटमेंट मिळायला मोठ्या शहरात महिने लागतात म्हणून पत्त्याची नोंद झाली त्याच दिवशी अर्ज टाका. व्हिसा संपत आला आणि कार्ड नाही आलं तर फिक्त्सिऑन्सबेशायनिगुंग, म्हणजे कार्ड येईपर्यंतचा तात्पुरता दाखला, मागा, त्या कागदावर काम चालू ठेवता येतं. पहिल्या १२ महिन्यांत नोकरी बदललीत तर याच ऑफिसला कळवावं लागतं, त्यानंतर त्यांचा काही संबंध नाही.

बायको किंवा नवरा येणार असेल तर ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला जर्मनची परीक्षा लागत नाही आणि आल्या दिवसापासून नोकरीही करता येते. तुम्ही स्वतः मात्र जर्मनचा क्लास लावा, बी वन (ए वन ही भाषेची पहिली पायरी, बी वन तिसरी) पास असाल तर २१ महिन्यांनी पर्मनंटचा अर्ज करता येतो, नुसतं ए वन असेल तर २७.